दार कुठे उघडतं?

मित्रांनो, आधी मला एक सांगा, बाहेर कुणाची पावले वाजताहेत का? नाही ना? नीट ऐकलेत? बरे, मग बसा. ही माझी जुनी खोड आहे, तिला माझा इलाज नाही. मी एक लाकडी पाचर आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तुमच्या तळहाताएवढी, एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटे जाड. बंद दाराखालच्या फटीत मला सरकवले की बाहेरून कुणी कितीही ढकलले तरी दार उघडत नाही. उलट जितके ढकलाल तितकी मी घट्ट बसते. कामात खोडा घालणाऱ्याला लोक ‘पाचर मारली’ म्हणून नावे ठेवतात. ठेवू देत. माझे तर कामच ते आहे.

राखण करणारा म्हटला की तो धीट असणार, अशी तुमची समजूत असेल. मी तशी नाही. मी पहिल्यापासून घाबरट. जिन्यावर पाऊल वाजले की माझ्या रेषारेषांतून काटा येतो. पण मला पळता येत नाही आणि ओरडताही येत नाही, म्हणून मी आपली जागच्या जागी घट्ट धरून बसते. तेवढ्यावरच लोक मला शूर म्हणतात.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्यांनी मला घडवले म्हणून मी त्यांना बाबाच म्हणते. बाबांनी आयुष्यभर दारे केली. कुणी टेबल-खुर्ची करून मागितली की त्यांचे तोंड वाकडे व्हायचे. दार म्हटले की मात्र तहानभूक विसरायचे. त्यांचा एक हट्ट होता, की दार आतच उघडले पाहिजे. “दारानं आलेल्या माणसाला आत घ्यावं. बाहेर उघडणारं दार म्हणजे पाहुण्याच्या छातीवर धक्का,” असे ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि गिऱ्हाइकाने वेगळे काही मागितलेच तर काम सोडून द्यायचे. त्यांच्या हातून सुटलेले एकही दार बाहेर उघडणारे नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आमचा घात इथेच झाला.

बाबांना दोन मुली. घरात त्यांना मोठी आणि धाकटी एवढीच नावे. धाकटी लग्न करून दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. मोठीला यंत्रांचे वेड. शिलाई मशीन बिघडले की ती स्क्रूड्रायव्हरचे टोक मशीनच्या पोटाला लावायची, मूठ आपल्या कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायची. कुठला भाग घासतोय, कुठला सैल झालाय, ते तिला त्या लोखंडातून ऐकू यायचे. कारखान्यांना शिलाई मशीन विकणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. गावोगावच्या शिलाई कारखान्यांत जायचे, बिघडलेली मशीन दुरुस्त करायची, आणि काम संपेपर्यंत तिथेच लॉजवर राहायचे. महिन्यातले पंधरा दिवस घराबाहेर.

आईने तीन दिवस घर डोक्यावर घेतले. “एकटी? परक्या गावात? लॉजवर?” हे तीनच प्रश्न, पण कधी भांडी आपटत तर कधी डोळ्यांना पदर लावत. मोठी बॅग भरत होती. बाबांना बोलता यायचे ते फक्त दारांविषयी. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी नुकत्याच केलेल्या सागाच्या चौकटीतला उरलेला तुकडा उचलला. करवत चालली, मग रंधा चालला. मी घसरू नये म्हणून माझ्या पोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. माझ्यावर तेलाचा हात फिरवला आणि मला मोठीच्या हातात दिले.

“कड्यांवर विश्वास ठेवू नकोस,” बाबा म्हणाले. “कड्या लोकांनी बसवलेल्या असतात. ही मी केलीय.”

आईने मात्र जाताजाता बजावले. “एवढं लक्षात ठेव. एक जरी गोष्ट वेडीवाकडी झाली ना, तर हे फिरणं त्याच दिवशी बंद.”

मोठी हसून हो म्हणाली. मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होते. मला मात्र हसू आले नाही.

मित्रांनो, त्यानंतर सहा वर्षे आम्ही दोघी फिरलो. मोठीची पद्धत ठरलेली होती. बसमध्ये बसायचे ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. उजेड असताना पोचेल अशीच गाडी पकडायची. लॉजच्या खोलीत शिरले की पिशवी खाली ठेवायच्या आधी दार बघायचे, मग खिडकी, मग जिना कुठे आहे ते. आणि खाली काउंटरवर उभी असताना फोन कानाला लावून मोठ्याने म्हणायचे, “हो रे भाऊ, पोचले. तू निघालास ना? ये मग.” हा भाऊ सहा वर्षांत एकदाही आला नाही. येणार कसा? तो जन्मालाच आला नव्हता. पण त्याच्या भरवशावर आम्ही कितीतरी गावे पार पाडली. एका गावात तर चहावाल्याने त्याच्यासाठी कप विसळून ठेवला होता.

आणि रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा.

“दार कुठं उघडतं?”

“आत, बाबा.”

“पाचर लावलीस?”

“लावली.”

“मग झोप.”

एवढेच. मागून आईचा आवाज यायचा, “जेवली का ते विचारा की!” तोवर बाबांनी फोन ठेवलेला असायचा. त्यांना विचारायचे असायचे ते सगळे त्या एका प्रश्नात असायचे, आणि मोठीला ते कळायचे.

माझे कौतुकही कमी झाले नाही. एका लॉजची मालकीण मला बघून आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, “माझी लेक शिकायला बाहेर असते. तिच्यासाठी एक मिळेल?” कारखान्यातल्या बायकांनी मागितल्या. बाबांनी माझ्या अकरा बहिणी घडवल्या आणि एकीचेही पैसे घेतले नाहीत. पण कौतुकाने माझी भीती काही गेली नाही. दोनदा कुणीतरी दार ढकलून बघितले. एकदा खोली चुकलेला म्हातारा होता, बिचाऱ्याने माफी मागितली. दुसऱ्यांदा कोण होते ते कळले नाही. ढकलले, थांबले, पुन्हा ढकलले आणि निघून गेले. माझ्या पाठीवर दाराची कड रुतली होती ती खूण अजून आहे. मोठी उजाडेपर्यंत पलंगावर बसून होती. सकाळी तिने तोंड धुतले आणि कामावर गेली. घरी तिने तो प्रसंग सांगितला नाही. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

मग ते गाव आले. तिथल्या कारखान्यात चाळीस मशीन बंद पडली होती. आमचा नेहमीचा लॉज दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून बस स्टँडजवळच्या दुसऱ्या लॉजवर जावे लागले. दुपारचे दोन वाजले होते. काउंटरवरच्या मॅनेजरने रजिस्टरात नाव लिहून घेतले, आणि बाकावर रिकामटेकडे बसलेल्या तीन पुरुषांसमोर खणखणीत आवाजात म्हणाला, “मॅडम एकट्याच ना? तीनशे चार, तिसरा मजला, शेवटची खोली!”

मोठीच्या कपाळावर आठी पडली. खोलीचा नंबर असा ओरडून सांगायचा नसतो.

तीनशे चार ही मुळात खोली नव्हतीच. सामान ठेवायच्या अडगळीत पलंग टाकून तिची खोली केलेली. जागा इतकी चिंचोळी, की दार आत उघडले असते तर पलंगाला अडले असते. म्हणून ते बाहेर उघडत होते.

मोठी उंबऱ्यावर थबकली. तिने दार ओढून लावले, ढकलून उघडले, पुन्हा लावले. मग बॅगेतून मला काढले आणि हातात धरून नुसती बघत राहिली. बाहेर उघडणाऱ्या दाराला आतून पाचर लावून काय उपयोग? बाहेरचा माणूस दार आपल्याकडे ओढून घेणार आणि मी फरशीवर जागच्या जागी पडलेली राहणार. सहा वर्षांची माझी ऐट त्या एका क्षणात उतरली.

तिने कडी बघितली. कडी होती. पण ती ज्यात अडकते तो कोयंडाच चौकटीवर नव्हता. चार स्क्रूंची चार भोके तेवढी होती. मित्रांनो, मी सुताराच्या घरची आहे. जुन्या भोकात धूळ असते, काळपट. या भोकांच्या तोंडाशी ताजा, पिवळा भुसा होता. ते स्क्रू एक-दोन दिवसांत काढलेले होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, ‘इथे थांबू नकोस, चल!’ पण लाकडाचे कोण ऐकणार?

मोठीलाही ते दिसले होते. ती खाली गेली आणि म्हणाली, “दुसरी खोली द्या. कडी लागत नाही.”

“सगळ्या भरल्यात,” मॅनेजर म्हणाला. त्याच्या मागच्या फळीवर किल्ल्याच किल्ल्या लटकत होत्या.

तिने तिथूनच कारखान्याच्या मुकादम बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “सहाला पाळी सुटली की मी स्वतः येते न्यायला. माझ्याकडे राहा. तोवर बसून घे खोलीवर.” साडेतीन-चार तासांचा प्रश्न होता. सहाची वाट बघायची आणि निघायचे, असे मोठीने ठरवले. ती वर आली, दार ओढून घेतले, आतून किल्ली फिरवली. आणि नेमका तेव्हा बाबांचा फोन आला. गाडी वेळेवर पोचली की नाही म्हणून त्या दिवशी दुपारीच केला होता.

“पोचलीस? दार कुठं उघडतं?”

मोठीने दाराकडे बघितले. मग माझ्याकडे.

“आत, बाबा.”

“पाचर?”

“लावली.”

“मग बरं.”

मोठीच्या त्या खोट्या उत्तरांनी मला जे वाटले ते मी कधी विसरणार नाही. ती खोटारडी नव्हती हो. पण खरे सांगितले असते तर फोनवर पुढचा आवाज आईचा आला असता, आणि सहा वर्षांची नोकरी त्याच दुपारी संपली असती. हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

पंधरा मिनिटे गेली. मग टकटक झाली.

“मॅडम, बल्ब बदलायचाय.”

“नको. चालतोय.”

पावले गेली. दहा मिनिटांनी परत आली.

“मॅडम, नळ गळतोय ना तुमचा? बघून घेतो.”

“नाही गळत. भाऊ येतोय माझा, तो आला की बघू.”

बाहेर कुणीतरी हलकेच हसले. “भाऊ? रजिस्टरात तर एकट्याच लिहिलंय तुम्ही.”

पावले गेली. मोठी उभी राहिली. तिच्या हाताला घाम फुटला होता, मला तो लागत होता. पण हात थांबले नाहीत. तिने दुरुस्तीची पेटी उघडली आणि शिलाई मशीनचा नवा चामडी पट्टा काढला. दाराच्या बाजूने पाण्याचा लोखंडी पाइप भिंतीत पक्का बसवलेला होता, लाल रंग दिलेला. तिने पट्टा दाराच्या आतल्या मुठीत ओवला, पाइपभोवती दोन वेढे दिले आणि दात लावून गाठ आवळली. जे दार ओढून उघडते ते अडवता येत नाही, पण बांधून ठेवता येते. बाबांना हे कधी सुचले नसते.

गाठ बसते न बसते तोच कुलपात दुसरी किल्ली फिरली.

दार चार बोटे उघडले. पट्टा ताणला गेला, कुरकुरला. त्या फटीतून एक हात आत आला आणि गाठ चाचपू लागला. मित्रांनो, त्या हाताच्या मनगटावर एक घड्याळ होते आणि ते टिकटिक करत होते. जगात सगळे ठीक चालले असल्यासारखी ती टिकटिक मला अजून ऐकू येते.

मोठीने मला उचलले. जाड टोक पुढे धरले आणि सगळ्या ताकदीने त्या लोखंडी पाइपवर हाणले. ठण्! ठण्! ठण्! ती ओरडतही होती, पण रिकाम्या मजल्यावरचे ओरडणे भिंतीत जिरते. लोखंडातला आवाज मात्र लांब जातो, हे जिने आयुष्यभर यंत्रांच्या पोटाला कान लावला तिला सांगावे लागत नाही. तिसऱ्या ठोक्याला माझा कोपरा उडाला. सातव्याला लाकडात लाल रंग घुसला. मला काय दुखले ते मी सांगत नाही, कारण तेव्हा मला ते कळलेच नाही. मला एवढेच वाटत होते की आणखी हाण, थांबू नकोस.

तो पाइप खाली धुण्याच्या खोलीत जात होता. तिथे लॉजच्या चादरी धुणाऱ्या एक काकू होत्या. नळातून असा आवाज का येतोय म्हणून त्यांनी आधी नळाला एक शिवी दिली, असे त्यांनीच नंतर सांगितले. मग त्यांना ठोक्यांमधले काहीतरी उमगले आणि त्या हातात कपडे बडवायचे ओले धोपटणे घेऊन तीन जिने चढून आल्या.

मॅनेजर दारात उभा होता. “अहो, मला वाटलं खोली रिकामी आहे.”

“रिकामी खोली आतून बांधलेली असते होय रे?” काकू म्हणाल्या. “आणि कोयंड्याचे स्क्रू आपोआप गळून पडले वाटतं! सर बाजूला. आधी सर, मग बोल.”

तो सरला. त्या धोपटण्याकडे बघून कुणीही सरला असता.

काकूंनी मोठीला खाली नेले, पाणी दिले, आणि कामावर पाणी सोडावे लागेल हे माहीत असूनही तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या शिपायाचा पहिला प्रश्न होता, “एकट्याच कशा आलात?”

“एकटी कुठंय? दोघी आहोत,” काकू म्हणाल्या. “लिहून घ्या. सही मीपण करते.”

शिपायाने लिहून घेतले. सहा वाजता मुकादम बाई आल्या. मोठी चार दिवस त्यांच्या घरी राहिली, तिने चाळीसच्या चाळीस मशीन चालू करून दिली, आणि काकूंना त्याच कारखान्यात काम मिळाले. त्या मॅनेजरला पोलीस घेऊन गेले. त्या चारही दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन येत होता आणि मोठी सांगत होती, “सगळं ठीक आहे, बाबा.”

घरी परतल्यावर आमचा एक रिवाज होता. मोठी चहा प्यायला बसली की बाबा मला हातात घ्यायचे, चष्मा लावून बघायचे, तेलाचा बोळा फिरवायचे. त्या दिवशीही घेतले. बोळा उडालेल्या कोपऱ्यापाशी अडकला. बाबांनी मला उजेडात धरले. कोपऱ्यावर नख फिरवले आणि लाकडात घुसलेला लाल कण खरवडून बोटावर घेतला.

“दारानं पाठ झिजते,” ते हळूच म्हणाले. “जाड टोकाचा टवका उडत नाही. हे लोखंडावर आपटलंय. बरेचदा आपटलंय.”

मोठीच्या हातातला कप तसाच राहिला.

“मोठी, हे झालं त्या दिवशी दार कुठं उघडत होतं?”

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “बाहेर.”

आणि सगळे सांगितले. स्वयंपाकघरातून आई केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळले नाही. ऐकून झाल्यावर ती मटकन खाली बसली आणि मग जे व्हायचे ते झाले.

“बास! झालं फिरणं. आता उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. आणि खोटं बोललीस? बापाशी?”

“खरं सांगितलं असतं तर तू मला त्याच दिवशी परत बोलावलं असतंस.”

“बोलावलंच असतं!”

“म्हणून,” मोठी म्हणाली.

बाबा उठून अंगणात गेले. मी त्यांच्या हातातच होते. आपल्या घराच्या दारापाशी ते उभे राहिले, ते उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आत, नेहमीसारखे. “बाहेर उघडणारी दारं असतात जगात,” ते स्वतःशीच पुटपुटले. “मी केली नाहीत म्हणून नसतात असं थोडंच आहे?” त्यांचे डोळे भरले होते. माझ्यावर एक थेंब पडला. तो तेलाचा नव्हता.

त्यानंतर माझे दिवस फिरले. मोठीने नोकरी सोडली नाही, पण रजा वाढवत गेली. गल्लीतली चार मशीन दुरुस्त करायची आणि बाकी वेळ खिडकीशी बसायचे. घरातले कपाट डुगडुगत होते. आईने मला त्याच्या पायाखाली सरकवले. पाचरीला काय, फट मिळाल्याशी कारण, असे कुणाला वाटेल. पण मित्रांनो, कपाट कुठे पळून जाणार होते? त्याला कुणाची भीती होती? पाच महिने मी तिथे धूळ खात पडले. माझ्या पोटाखाली मुंग्यांनी येजा सुरू केली. कुणाची पावले वाजली तरी मला दचकायला होईना, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटायचे. मोठीचेही तसेच चालले होते. तिने स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकणे सोडून दिले. मशीन समोर आले की भाग बदलून मोकळी व्हायची.

आईला ते दिसत होते. आयांना दिसते. एक दिवस मोठीने दुरुस्त करून दिलेले मशीन दुसऱ्याच दिवशी परत आले. असे कधी झाले नव्हते. मोठी नुसती म्हणाली, “राहू दे, बघते उद्या,” आणि खिडकीशी जाऊन बसली. आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग कपाटापाशी आली, गुडघे टेकले आणि मला ओढून काढले. पदराने पुसले. अंगणात जाऊन बाबांच्या पुढ्यात ठेवले.

“हिला भोक पाडा. जाड टोकाला. त्यात तिचा तो पट्टा ओवा, म्हणजे दोन्ही बरोबर राहतील.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. “कपाट डुगडुगेल.”

“डुगडुगू दे.”

बाबांनी गिरमिट घेतले. माझ्या अंगातून आरपार भोक पाडले. दुखले, पण मी इतकी सुखावले होते की काय सांगू. आईने स्वतः पट्टा ओवला आणि मला मोठीच्या मांडीवर टाकले.

“जा,” ती म्हणाली. “भीती मला वाटणारच. ती माझी मी बघीन. तू खोटं तेवढं बोलू नकोस. दार बाहेर उघडलं तर बाहेर म्हण. मी परत ये म्हणणार नाही.”

मोठीने तिच्या खांद्यावर डोके ठेवले. आईने थोपटले आणि मग सवयीने म्हणाली, “आणि जेवत जा.”

याला आता पुष्कळ वर्षे झाली. मोठी पुढे कंपनीत वरच्या हुद्द्यावर गेली. बाबांचे हात कापतात, त्यांना ऐकू कमी येते. आई तशीच आहे. आणि मी आता धाकटीच्या लेकीच्या बॅगेत असते. मोठीची ही भाची पहिल्यांदाच एकटी निघाली आहे, लांबच्या गावी नोकरीच्या मुलाखतीला. निघताना मोठीने मला तिच्या हातात दिले आणि दुसरे काही सांगितले नाही. सांगायचे ते माझ्या अंगावर लिहिलेलेच आहे. उडालेला कोपरा आहे, लाल रंगाचा कण आहे, भोक आहे, पट्टा आहे.

काल संध्याकाळी आम्ही इथल्या खोलीवर पोचलो. मुलीने पिशवी खाली ठेवायच्या आधी दार बघितले. फोन वाजला. बाबा आता फोनवर फार मोठ्याने बोलतात.

“दार कुठं उघडतं?”

मुलगी क्षणभर थांबली. तो क्षण मला ओळखीचा होता, मित्रांनो. तसाच एक क्षण मी पूर्वी पाहिला होता.

“बाहेर, आजोबा,” ती म्हणाली. “आणि कडी सैल आहे. मला थोडी भीती वाटतेय.”

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मग आईचा, म्हणजे तिच्या आजीचा आवाज. तो कापत होता.

“बरं केलंस सांगितलंस. पट्टा कुठं बांधतेस ते सांग मला. मी फोन ठेवत नाही.”

मुलगी सांगत गेली, कुठे वेढा दिला, कुठे गाठ मारली. मग आजीच्या सांगण्यावरून पट्टा सोडून तशीच फोन हातात धरून खाली गेली आणि दुसरी खोली मागितली. मिळाली. तिचे दार आत उघडत होते. मी फटीत जाऊन बसले आणि आजीने तेव्हा कुठे फोन ठेवला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, तेल लावा, कपाटाखाली सारू नका, असे मी म्हणणार नाही. लाकूड आहे, कधीतरी झिजणारच. पण तुमची ताई, मावशी, आत्या, आई कधी एकटी प्रवासाला गेली तर तिला रोज विचारा, दार कुठे उघडतं. आणि ती ‘बाहेर’ म्हणाली तर ओरडू नका. कडी सैल आहे हे जिला घरी सांगता येते ती अर्धी सुखरूप असते. उरलेल्या अर्ध्याला मी आहे.

थांबा. जिन्यावर पावले वाजताहेत.

नाही, गेली पुढे.